शिशाच्या ॲप्रनची तक्रार

मी एक जुना ॲप्रन आहे. एवढे ऐकल्याबरोबर, मित्रांनो, तुमच्या डोळ्यांसमोर डॉक्टरांचा पांढराशुभ्र कोट आला असेल, नाहीतर आचाऱ्याच्या पोटावरचा तेलकट कपडा. ते मी नव्हे. माझ्या नावाला वाटेकरी फार. एकदा धरणावर काम करणारे एक इंजिनिअर मोडलेला पाय घेऊन आमच्याकडे आले होते. ते सांगत होते, की धरणाच्या पायथ्याशी पाण्याचा मार खायला जे काँक्रीट ओततात त्यालाही ॲप्रन म्हणतात, आणि विमानतळावर विमाने उभी करायच्या जागेलाही. त्या सगळ्यांना मान आहे. धरणाच्या ॲप्रनला भेग पडली तर मोठमोठे साहेब धावत येतात. मला भेगा पडल्या तेव्हा कुत्रेही फिरकले नाही. त्याचा राग मी अजून गिळलेला नाही. तेव्हा माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

मी एक्स-रेच्या खोलीतला ॲप्रन. माझ्या पोटात शिसे आहे. कारखान्यात शिशाची पूड रबरात मळली, ते लाटून त्याचे जाड तुकडे केले आणि निळ्या कापडात शिवले. माझे वजन भरले पाच किलो. माझ्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी शिवली होती. तिच्यावर दोनच ओळी होत्या : 'घडी घालू नये. टांगून ठेवावे.' दोन ओळी वाचायला किती वेळ लागतो, ते तुम्हीच सांगा.

एक्स-रेचे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना वास नाही, आवाज नाही. तुमचा एखादा फोटो काढला तर तुमचे काही बिघडत नाही. पण ज्याला रोज त्या खोलीत उभे राहावे लागते, त्याच्या जिवावर ते थोडे थोडे करून उठतात. त्यांच्या आडवे यायचे, हे माझे काम.

पहिली अकरा वर्षे मी काकांच्या हाताखाली काढली. काका म्हणजे तिथले जुने तंत्रज्ञ. ते तिरसट होते, कोणाशी धड बोलत नसत. पण काम झाले की मला खांद्याच्या बाजूने उचलून रुंद दांडीवर टांगत. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसत. कोणी माझ्या वजनावरून नाक मुरडले, की म्हणत, "जड आहे म्हणून तर तुम्ही शाबूत आहात." माझे कौतुक म्हणून जे काही झाले, ते एवढेच.

काका निवृत्त झाले आणि माझे हाल कुत्रा खाईना. नंतर आलेल्या दोघांनी माझे काय काय केले, ते ऐका. मला चौघडी घालून स्टुलावर टाकले आणि वर बसून डबे खाल्ले. वाऱ्याने दार आपटू लागले, की मला दाराशी कोंबले. एकदा तर गळक्या नळाखाली अंथरले. घडी पडेल तिथे माझे आतले रबर तडकत गेले. वरचे निळे कापड मात्र ठाकठीक होते, म्हणून कोणाला काही दिसले नाही. वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात, तशातली गत. ते दोघे वर्षभरातच दुसरी नोकरी धरून निघून गेले.

मग ताई आली. वय असेल सव्वीस-सत्तावीस. तिने पहिल्याच दिवशी मला स्टुलावरून उचलले आणि दांडीवर टांगले. पण उशीर झाला होता. तिला ते ठाऊक नव्हते. तिने माझ्यावर भरवसा ठेवला आणि तीन वर्षे मला अंगावर घालून लहान मुलांना धरत राहिली. लहान मूल एक्स-रेच्या टेबलावर स्थिर राहत नाही, कोणाला तरी धरावे लागते. प्रत्येक वेळी माझ्या भेगांतून किरण तिच्यापर्यंत पोहोचत होते. मला ते कळत होते आणि सांगता येत नव्हते. यापेक्षा वाईट काय असते, ते मला माहीत नाही.

तिसऱ्या वर्षाअखेर मी तिला खांद्याशी सैल वाटू लागलो. तिने नवा ॲप्रन मागितला. रुग्णालयाच्या सामानाचे कोठार एका गृहस्थांच्या ताब्यात होते. कोणी काही मागितले की त्यांचा नन्नाचा पाढा सुरू होई, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना नन्नासाहेब म्हणत. ते डॉक्टर नव्हते, पण अंगात पांढरा ॲप्रन घालून हिंडत. ताईने अर्जात लिहिले, 'ॲप्रन हवा आहे.' वरून दोन पांढरे कोट आले. तिने ते परत केले आणि लिहिले, 'जाड ॲप्रन हवा.' या वेळी भटारखान्यातला रेक्झिनचा ॲप्रन आला. तिसऱ्यांदा तिने स्पष्ट लिहिले, 'शिशाचा ॲप्रन हवा.' नन्नासाहेबांनी ते 'शिशूंचा' असे वाचले. बदकांची चित्रे असलेले सहा चिमुकले ॲप्रन आले.

ते आले त्या सकाळी ताईने वेगळेच केले. तिने मला टेबलावर पसरले आणि माझाच एक्स-रे काढला. फोटोत मी पांढराफेक दिसायला हवा होतो. तसा मी होतोही, पण छातीपासून खालपर्यंत काळ्या वाकड्या रेघा, आटलेल्या तळ्याच्या तळासारख्या. ताईने त्या रेघा बोटाने एक एक करून मोजल्या. तिचा चेहरा उतरला होता. मग तिने शिपायाकरवी नन्नासाहेबांना निरोप धाडला, 'असाल तसे या.'

ते येण्याआधी एक बाई कडेवर दोन वर्षांची मुलगी घेऊन आत आली. मुलगी झोपाळ्यावरून पडली होती, तिचा हात कोपरापाशी सुजून टम्म झाला होता.

ताईने नेहमीचा प्रश्न विचारला, "तुम्हाला दिवस गेलेत का?"

"चौथा चालू आहे," बाई म्हणाली.

"मग तुम्ही आत थांबायचं नाही. सोबत दुसरं कोणी आहे?"

"कोणी नाही हो. तुम्हीच धरा ना."

ताईने माझ्याकडे पाहिले. हात पुढे केला आणि मागे घेतला. "थोडं थांबा," ती म्हणाली.

बाहेरची रांग भडकली. "पोर रडतंय, दिसत नाही का?" एक म्हातारा म्हणाला. "बसून पगार घेतात नुसता," दुसऱ्याने जोडले. ती बाईसुद्धा तोंडात पदर धरून म्हणाली, "तुम्हाला लेकरू नाही वाटतं."

तेवढ्यात नन्नासाहेब आले. "काय तमाशा लावलाय? सहा ॲप्रन दिलेत तुम्हाला."

"बदकांचे."

"एवढा एक आहे ना चांगला. फाटलाय कुठे? कापड बघा कसं आहे."

"चांगला आहे?" ताईने विचारले.

"उत्तम आहे."

"मग घाला, आणि धरा या मुलीला."

नन्नासाहेब गडबडले. "मी? मी कोठारातला माणूस."

"किरण खातं विचारत नाहीत," ताई म्हणाली आणि माझा फोटो तिने उजेडाच्या पेटीवर लावला. "हा तुमचा उत्तम ॲप्रन. या काळ्या रेघा म्हणजे भोकं आहेत. मी तीन वर्षं याच्यामागे उभी आहे."

नन्नासाहेबांनी फोटो पाहिला, मला पाहिले आणि दाराकडेही पाहिले. दारात तो म्हातारा उभा होता, तो काही बाजूला झाला नाही.

"मला काही होईल का?" त्यांनी हळूच विचारले.

"एकदा धरून काही होत नाही. मी दिवसातून दहादा धरते."

त्यांनी आपला पांढरा कोट काढून खुंटीला लावला आणि मला अंगावर चढवले. ताईने बाईला आणि म्हाताऱ्याला बाहेर घालवून दार लावले. त्यांनी मुलीचा दंड दोन्ही हातांनी धरला आणि डोळे मिटून घेतले. मला तो माणूस मुळीच आवडत नव्हता. तरी किरण आले तेव्हा मी माझ्याकडे होते नव्हते तेवढे शिसे आडवे घातले. माझे काम माणसे निवडायचे नाही.

फोटो छान आला. हाड मोडले होते, पण जागेवर होते. बाई मुलीला घेऊन गेली. जाताना तिने मुलीचा बरा हात धरून ताईला टाटा करायला लावला.

पंधरा दिवसांत दोन नवे शिशाचे ॲप्रन आले. नन्नासाहेब स्वतः घेऊन आले. "आता खूश ना?" त्यांनी विचारले.

"माझी तीन वर्षं कुठे ठेवलीत तुम्ही?" ताई म्हणाली. नन्नासाहेब निघून गेले. नंतर तिच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या. सध्या काही दिसत नाही, दरवर्षी बघत राहावे लागेल, असे मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. 'दरवर्षी' हा शब्द ताईने दोनदा विचारून घेतला.

आता मी एका खोक्यात पडून आहे. शिसे कचऱ्यात टाकता येत नाही, म्हणून ते वितळवून घेणारा येईपर्यंत माझा मुक्काम इथेच. मित्रांनो, तुमची कीव मला नको. मी वस्तू आहे, झिजणे मला चुकणार नव्हते. पण तुमच्या घरात, शाळेत, दवाखान्यात जी वस्तू कोणाच्या तरी जिवावरचे झेलते आहे, तिच्यावर बसू नका, आणि वर्षातून एकदा तिच्या आत काय झाले आहे ते बघा. वरच्या कापडावर जाऊ नका. आणि एखाद्या दिवशी रांगेत उभे असताना आतली ताई "थोडं थांबा" म्हणाली, तर तिच्यावर ओरडू नका. थांबा.