नऊ गायींचं आंबोण

स्रेदोये आंबोण कालवायला लागला की मिलुंका मनातल्या मनात हसायची. दूध वाढावं म्हणून घालायचा मापभर युरिया आधी बादलीभर मक्याच्या भरड्यात, ती बादली हातगाडीभर कोंड्यात, ती गाडी बीटाच्या चोथ्यावर, आणि मग सगळा ढीग फावड्याने या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तीनदा परतायचा. "लग्नातला आचारीसुद्धा इतका नखरा करत नाही," असं ती नवऱ्याला चिडवायची.

आता स्रेदोये खुब्याचं हाड मोडून सोंबोरच्या इस्पितळात पडला होता आणि नऊ गायी तिच्या गळ्यात पडल्या होत्या. त्यात हिवाळ्याच्या आंबट कोबीचं पिंप भरायचं राहिलेलं. त्या सकाळी तिने भरडा, कोंडा, सूर्यफुलाची पेंड, चोथा एकावर एक ओतलं, वरून युरियाचं माप उपडं केलं आणि एकदाच परतून गव्हाणी भरल्या. पोटात गेल्यावर सगळं एकच होतं, असं म्हणून ती कोबी चिरायला गेली.

अर्ध्या तासाने कडेची रुमेंका थरथरत होती. तोंडाला फेस, पोट टम्म फुगलेलं, आणि वर सात महिन्यांची गाभण. गव्हाणीतल्या ओल्या चोथ्यात युरियाचे पांढरे गोळे उरले होते, त्यांचा वास नाकाला झोंबत होता. आठ जणींच्या वाटचा युरिया मिलुंकाने एकटीलाच चारला होता, आणि जास्त झाला की तो विषच. तिने भराभर सगळ्या गव्हाणी रिकाम्या केल्या आणि डॉक्टरांना फोन लावला.

"व्हिनेगर पाजा, चारपाच लिटर, भरपूर गार पाण्यातून," डॉक्टर म्हणाले. "मी निघालोच, पण चाळीस मिनिटं लागतील. तोवर थांबू नका."

घरात अर्धी बाटली होती. बाकीचं मिरच्यांच्या लोणच्यात गेलेलं. दहा लिटरचा भरलेला कॅन होता तो शेजारच्या कोसाराच्या कोठीत, आणि कोसारा म्हणजे गावातली एक नंबरची चिक्कू. गेल्याच महिन्यात मिलुंकाने कपभर मागितलं तर "नाही मिळायचं" म्हणून म्हातारीने दार लावलं होतं. तरी ती धावली.

कोसाराने तिच्या तोंडाकडे बघितलं.

"कोणती गाय?"

"रुमेंका."

म्हातारीने कॅन उचलला आणि मिलुंकाच्या आधी गोठ्यात पोचली.

"मान फार वर धरू नकोस, श्वासात जाईल. घोट घोट पाज. घाई आता कामाची नाही, पोरी."

डॉक्टर आले तोवर थरथर कमी झाली होती. त्यांनी तपासलं, सुई दिली. "वेळेत पाजलंत म्हणून वाचली. वासरूही," ते म्हणाले.

मिलुंका तिथेच पेंढ्यावर बसली आणि रडली.

"काकू, तुम्हाला कसं कळलं?"

"माझा माणूस गेला त्या हिवाळ्यात मीही एकदाच परतलं होतं. दोन गेल्या. घरात व्हिनेगरचा थेंब नव्हता. तेव्हापासून कॅन कधी उघडला नाही. लोक चिक्कू म्हणतात, म्हणू देत."

"मीसुद्धा म्हणायचे, काकू."

"ठाऊक आहे. मधे कुंपण आहे, भिंत नाही."

दुसऱ्या दिवशी म्हातारी मूठभर लाल घेवडा घेऊन आली. "नव्वद दाणे आहेत. टाक ढिगात नि परत. प्रत्येक गव्हाणीत दहाच्या आसपास आले तर कालवलंस असं म्हणेन." पहिल्या परतीला रुमेंकाच्या गव्हाणीत एकवीस निघाले. मिलुंकाने सगळं पुन्हा ढिगात ओतलं. तिसऱ्या परतीनंतर तिथे नऊ आले. दोघींनी दाणे वेचून काढले आणि गायी खायला सोडल्या.

रुमेंकाला फेब्रुवारीत कालवड झाली. तिचं नाव कोसाराने ठेवायचं असं मिलुंकाने आधीच सांगून टाकलं होतं. म्हातारीच्या उपकाराचं ओझं तिला वाटत नव्हतं, उलट दर सकाळी कालवड दूध ओढायला लागली की तिला बरं वाटायचं.

द्राक्षं उतरली आणि त्यांचं व्हिनेगर झालं तसा पहिला कॅन तिने कुंपणावरून पलीकडे दिला. दुसरा भरून आपल्या कोठीत ठेवला. आठवड्याभरात रस्त्यापलीकडच्या घरातली सून लोणच्यासाठी कपभर मागायला आली.

"नाही मिळायचं," मिलुंका म्हणाली. मग दार लावता लावता थांबली. "गोठ्यात काही झालं तर मात्र सगळा कॅन घेऊन जा. दार वाजवायलाही थांबू नकोस."