मुद्देमालातला कोयता

मी एक जुना कोयता आहे, मित्रांनो, आणि माझं डोकं फिरलेलं आहे. एका पोलीस चौकीच्या मुद्देमालाच्या खोलीत मला कापडात गुंडाळून, लाखेचं सील ठोकून टाकलंय. शेजारी जप्त केलेली एक मोडकी मोटारसायकल आहे. माझा गुन्हा काय म्हणाल, तर मी एका शेतकऱ्याच्या कमरेला होतो.

मुरबाडकडच्या लोहाराने मला घडवलं. म्हसाच्या जत्रेत महिपतने अंगठ्यावर धार बघून मला उचललं. तेव्हापासून राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, टहाळ तोडायचा, कुंपणाला काट्या छाटायच्या, बांबू चिरायचे, सगळं मीच. आमच्याकडे बाप्या माणूस घराबाहेर पडला की कमरेला मागे आकडी बांधतो. आकडी म्हणजे लाकडाचा आकडा, त्यात कोयता अडकवायचा. त्याला कुणी हत्यार म्हणत नाही. महिपत तर सगळ्यांना सांगायचा, "हा माजा उजवा हात हाय." ऐकून मला फार बरं वाटायचं.

त्या दिवशी त्याने मांडवासाठी उंबराच्या डहाळ्या तोडल्या. दुसऱ्या दिवशी त्याच्या लेकीची, कुणालीची, हळद होती. राहिलेलं सामान आणायला तो तसाच, मला कमरेला घेऊन, बाजारात गेला. तिथे नुकतीच दोन टोळक्यांची मारामारी झाली होती. मारणारे कधीच पळाले होते. पोलिसांना महिपत दिसला आणि त्याच्या कमरेला मी दिसलो.

"कोयता कुणाचा?" हवालदाराने विचारलं.

"माजाच हाय सायेब," महिपत कौतुकाने म्हणाला. झालं, घातला गाडीत.

का पकडलं ते त्याला कुणी सांगितलं नाही. घरी फोनही करू दिला नाही. त्याचा भाचा साईनाथ कामावरून येताना बाजाराजवळच्या आसनगाव स्टेशनला उतरला होता, त्याने मामाला गाडीत बघितलं आणि जनाला, म्हणजे महिपतच्या बायकोला, सांगितलं. ती हळदीचं घर सोडून धावत चौकीत आली. हवालदार मान वर न करता म्हणाला, "साहेब नाहीत. बसा बाहेर." बिचारी अंधार पडेपर्यंत पायरीवर बसली आणि नवऱ्याचं तोंडही न बघता परत गेली.

अरे, काय समजता काय माणसाला! मित्रांनो, अटक केली तर का केली ते सांगावंच लागतं. घरच्यांना कळवावंच लागतं. वकिलाला भेटू द्यावं लागतं, आणि वकील परवडत नसेल तर सरकारी खर्चाने मिळतो. चोवीस तासांच्या आत न्यायाधीशांपुढे उभं करावं लागतं. हे संविधानात आणि कायद्यात लिहिलंय, कुणाची मेहेरबानी नाही. शिवाय महिपतवर लावलेला, बंदी असताना हत्यार बाळगल्याचा गुन्हा जामीनपात्र होता. अशा गुन्ह्यात जामीन हा हक्कच असतो, चौकीतूनच सोडता येतं. सोडलं का कुणी?

हे मला तरी कुठे ठाऊक होतं? दुसऱ्या दिवशी मलाही सील ठोकून कोर्टात नेलं, तिथे अनिता वकीलबाईंच्या तोंडून ऐकलं. साईनाथने मोफत कायदा मदतीच्या खोलीत जाऊन त्यांना गाठलं होतं.

न्यायाधीशांनी महिपतला विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?"

महिपतने हात जोडले. "नाय सायेब. काय तक्रार नाय."

असा संताप आला मला त्याचा! मोठ्या माणसापुढे गाऱ्हाणं सांगणं म्हणजे त्याचा मान न ठेवणं, हे आमच्याकडे लहानपणापासून मनात बिंबवलेलं असतं. त्याला मारलं असतं तरी तो "काय नाय" म्हणाला असता.

अनिताबाई त्याच्याकडे वळल्या. "महिपतदादा, तुम्हाला विचारणं हे साहेबांचं कामच आहे. सांगितलंत तर कुणाचा अपमान होत नाही."

महिपतने जोडलेले हात सोडले. मग म्हणाला, "हाय सायेब. तक्रार हाय. आज माज्या पोरीची हळद हाय, न् तिचा बाप कुठं हाय ते घरी कुणी कळवलं नाय. मना का धरलं ते पण कुणी सांगितलं नाय."

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं, चौकीकडे खुलासा मागितला आणि महिपतला त्याच्या स्वतःच्या हमीपत्रावर जामीन दिला. तो घरी पोचेस्तोवर हळद लागून गेली होती. बापाच्या हातची हळद त्या पोरीला लागलीच नाही.

खटला चालू आहे आणि मी इथे गंजतोय. माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा. मी नाही सांगणार. माणसं जपा. कुणाला धरून नेलं तर का नेलं ते विचारा, आणि तक्रार असेल तर ती तोंड उघडून सांगा.

परवा जना मला मागायला आली होती.

"बसा बाहेर," हवालदार म्हणाला.

"नाय बसत," ती म्हणाली. "कोयता देत नाय, तर का देत नाय ते लिवून द्या."

हवालदाराने मान वर करून तिच्याकडे बघितलं. मग त्याने कागद घेतला.