चौथ्या ताटाचे गुण

टेक १

चौथा स्पर्धक पडद्याआडून आला, चार पावलं चालला आणि मध्येच थबकला. परीक्षकांचं टेबल अजून बरंच लांब होतं. त्याने हातातलं ताट खाली जमिनीवर ठेवलं, गुडघे टेकले आणि मान अशी वळवली, की कॅमेऱ्याला त्याचा फक्त एक कान दिसावा.

"कट," निर्माती बिरुंगी म्हणाली. "रॉनी, ताट टेबलावर आणायचंय. घरात मांजराला ठेवतोस तसं काय ठेवतोयस?"

ताट उचलून, वाकूनच, उलट्या पावलांनी तो पडद्याआड गेला.

पाहुण्या परीक्षकाच्या खुर्चीत फेलिस्ता नाकायिझा बसली होती. वय छप्पन्न. सत्तावीस वर्षं मसाकाच्या कोर्टामागे तिची खानावळ होती. वकील, कारकून, साक्षीदार, सुटलेले आणि न सुटलेले, सगळे तिच्या हातचं जेवलेले. न्यायाधीशसाहेबांचा डबाही तिच्याकडूनच आत जायचा. सकाळी तोंडाला रंग लावणाऱ्या मुलीला ती म्हणाली होती, की इतकी वर्षं न्याय देणाऱ्यांना जेवू घातलं, आज जेवून न्याय द्यायचाय. मुलगी हसली आणि भुवईची रेघ वाकडी गेली. ती पुसून पुन्हा काढावी लागली.

खुर्चीबद्दल

'सोन्याची पळी' हा कार्यक्रम कंपालात चार वर्षं चालू होता. पाहुण्या परीक्षकाच्या खुर्चीत नैरोबीचे हॉटेलवाले बसून गेले, जोहान्सबर्गचे बसून गेले, दुबईहून एक जण आला. गेल्या वर्षीच्या पाहुण्याने लुवोंबो पानासकट खाल्ला आणि पालेभाजी जरा चिवट झाल्याचं सांगितलं. लुवोंबो म्हणजे केळीच्या पानात बांधून वाफवलेली कोंबडी. पान खायचं नसतं, हे पोरासोरांनाही ठाऊक. आठवडाभर रेडिओवर लोक त्या माणसाची टर उडवत होते. मग टर संपली आणि राग सुरू झाला. आमच्या जेवणाला गुण द्यायला आमच्यातलं एक माणूस मिळत नाही का, असं लोक विचारू लागले.

म्हणून यंदा एक भाग, एक खुर्ची, एक इथलं माणूस. करून बघायचं म्हणून.

बिरुंगी तीनदा मसाकाला येऊन, कोण ते न सांगता, नाकायिझाकडे जेवून गेली होती. चौथ्या वेळी तिने सांगितलं. ही खुर्ची टिकली तर पुढच्या वर्षी प्रत्येक भागात आपलं एक माणूस बसेल. नाही टिकली तर पुन्हा पालेभाजी चिवट. नाकायिझाने ताटातलं सगळं संपेपर्यंत तिला उठू दिलं नाही आणि मग हो म्हटलं.

कलम ९ आणि कलम १०

*परीक्षक व स्पर्धक यांनी आपला सहभाग प्रक्षेपणापर्यंत आईवडील, पती, पत्नी, मुले यांच्यासह कोणासही सांगू नये.*

*परीक्षकास स्पर्धकांची छायाचित्रे दाखवण्यात येतील. त्यांपैकी कोणीही नात्यातले अथवा ओळखीचे नसल्याची सही परीक्षकाने करावी.*

खानावळीत तिने लुवेरो गावी मयताला जाते म्हणून सांगितलं. कंपालात दिलेल्या मुलीला, प्रोस्कोव्हियाला, तर काहीच सांगितलं नाही. आणि चारही फोटो उजेडात धरून, चष्मा पुसून, नीट बघून तिने सही केली. त्या चौघांतलं कुणीही तिने जन्मात पाहिलेलं नव्हतं.

टेक २

या वेळी बिरुंगीने त्याला बजावून पाठवलं होतं, की ताट न्याबोंच्या, म्हणजे पाहुण्या बाईंच्या, हातात द्यायचं, हातात, आणि हसायचं.

तो आला. तीनच पावलं चालला. ताट खाली. गुडघे खाली. मान भिंतीकडे.

मुख्य परीक्षक लोरेन्झो अकरा वर्षं कंपालात राहिलेला इटालियन. तो म्हणाला, की हा माणूस माझ्या मिशीला घाबरतोय, मिशी काढून येऊ का. कॅमेऱ्यामागचे लोक हसले.

नाकायिझा हसली नाही. आधीच्या तिघांनी ताट तिच्या हातात दिलं होतं. एकाचा अंगठा रश्शात बुडला होता, तो तिनेच पुसायला लावला होता. परीक्षकाला घाबरणारा माणूस ताट सांडतो, घाम पुसतो, नको तितकं बोलतो. ताट जमिनीवर ठेवून तोंड फिरवत नाही. तसं पुरुषाने एकाच बाईसमोर करायचं असतं, आणि नाकायिझाला मुलगी एकच होती.

तिने अंगातल्या गोमेसीच्या, त्या पायघोळ झग्याच्या, कमरपट्ट्याचं टोक ओढून तोंडावर घेतलं आणि खुर्ची फिरवून पाठमोरी झाली. छातीवर लावलेला माइक तारेसकट निसटून खाली पडला.

"कट. आता तुम्हाला काय झालं, न्याबो?"

"या मुलाचं कुळाचं नाव काय?" नाकायिझाने भिंतीला विचारलं.

बिरुंगीने कागद चाळले. रोनाल्ड काटेरेगा.

"बायको?"

बिरुंगीने पान उलटलं. मग हळूच म्हणाली, "प्रोस्कोव्हिया."

दोन वर्षांपूर्वी

काटेरेगाच्या घरचे मागणी घालायला आले, तेव्हा नाकायिझा बायकांच्या मागे, चटईवर, डोक्यावरून कापड घेऊन बसली होती. जावई तिने पाहिला तो एवढाच: पांढऱ्या पायघोळ कांझूचा खालचा काठ आणि तपकिरी बूट. बोलणं सगळं दोन्हीकडच्या मध्यस्थांनी केलं, त्यामुळे आवाजही ऐकला नाही. पुढे मुलीने फोटोंचा अल्बम आणला, तर हिने प्रत्येक पानावर त्याच्या बाजूला तळहात ठेवून पानं उलटली. नाकायिझाच्या आईनेही तसंच केलं असतं. तिचा स्वतःचा फोटो मात्र मुलीने आपल्या घरात लावला होता. सासूने जावयाचं तोंड बघितलं, त्याच्या हातातलं हातात घेतलं, तर हातापायांना कंप सुटतो. ओबुको म्हणतात त्याला. नाकायिझाने कंप सुटलेलं कुणी पाहिलं नव्हतं. पण मसाकात तळहात काढून बघणारंही कुणी पाहिलं नव्हतं.

आणि परवा तिने तोच चेहरा उजेडात धरून, चष्मा पुसून पाहिला होता. दोन्ही हातांकडे तिने बघितलं. थरथरत नव्हते. त्याची जास्त लाज वाटली.

टेक ३

घेतला नाही.

कॅमेरा बंद

रॉनीला पडद्याआड पाठवलं. लोक चहाला पांगले. बिरुंगी खुर्ची ओढून नाकायिझासमोर बसली आणि आवाज खाली आणून बोलू लागली. सही खोटी नव्हती, हे तिला मान्य होतं. फोटोतला माणूस ओळखीचा नव्हता, तेव्हा कलम मोडलं नाही. ताट टेबलावर दुसरं कुणी आणून ठेवेल, रॉनीला लांब उभा करू, न्याबोंनी मान खाली घालून एक घास घ्यायचा, आकडा सांगायचा, संपलं.

"कुणाला कळणार आहे? तो बोलला नाही, तुम्ही बोलू नका."

"तो बोलला की," नाकायिझा म्हणाली. "दोनदा बोलला. तुम्ही दोनदा कट म्हणालात."

"न्याबो, तुम्ही उठलात तर वरचे काय म्हणतील ठाऊक आहे? गावच्या बाईला एकदा बसवलं, पहिल्याच दिवशी तिचा जावई निघाला. बसवा अजून. चार वर्षं भांडलेय मी या खुर्चीसाठी. बाहेर तो जोहान्सबर्गचा माणूस तोंड रंगवून राखीव बसलाय. तुम्ही उठायची खोटी, तो बसेल."

खुर्ची चांगली होती. लाल कापडाची, पाठीला आधार देणारी. खानावळीत ती सत्तावीस वर्षांत बसून जेवलेली नव्हती. शिवाय तिला तो घास घ्यायचाही होता, हे ती स्वतःशी नाकारू शकली नाही. मुलगी रोज काय खाते, हे कुठल्या आईला जाणून घ्यायचं नसतं?

"तुम्ही मला कशासाठी आणलंत?" तिने विचारलं. "परक्याला कळत नाही ते आपल्या माणसाला कळतं म्हणून ना?"

"हो."

"मग मला हे कळतंय. लुवोंबोच्या आधी हे कळतं. हे कळत नसल्यासारखं करून बसायचं असेल, तर जोहान्सबर्गचा काय वाईट आहे?"

बिरुंगीने कपाळाला हात लावला. तिच्या वाकड्या तोंडाकडे बघून नाकायिझाला तिची दया आली, पण ती उठली.

लोरेन्झो दारात उभा राहून ऐकत होता. तो मोडक्यातोडक्या लुगांडात म्हणाला, की मग चौघांचे गुण माझ्या गळ्यात येणार आणि मला यातलं काही कळत नाही. गेल्या वर्षी तो पाहुणा पान चावत होता, तेव्हा शेजारी बसून मी मान डोलवत होतो.

"पानाची चव लागली नाही तुम्हाला?"

"मला वाटलं, तुमच्याकडे अशीच असते."

नाकायिझाला हसू आलं. "या इकडे," ती म्हणाली.

जनरेटरच्या बाजूला, वीस मिनिटं

प्रत्येक स्पर्धकाने दोन लुवोंबो केले होते, एक कॅमेऱ्यासाठी, एक खाण्यासाठी. पहिल्या तिघांची उघडलेली पानं घेऊन ती लोरेन्झोला मागच्या अंगणात घेऊन गेली. चौथं ताट तिने मागितलं नाही.

पहिल्यांदा पान बघायचं, ती म्हणाली. विस्तवावरून फिरवून मऊ केलं की नाही. कमी फिरवलं तर घडी घालताना मधल्या शिरेवर चिरतं, वाफेचं पाणी आत शिरतं आणि शेंगदाण्याचा रस्सा पातळ होतो. मग पळी रश्शात बुडवून उलटी करायची. रस्सा पळीच्या पाठीला धरून राहिला पाहिजे. मग वास. धुराचा वास यायला हवा, पण करपल्याचा नको. चव सगळ्यात शेवटी. चवीला आधी विचारलं तर ती भूक लागल्यासारखं बोलते.

लोरेन्झो गुणांच्या कागदामागे लिहून घेत होता. तिने त्याला पहिल्या पानातली केसाएवढी चीर बोटाने शोधायला लावली. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा सापडली.

"आणि चौथा?" त्याने विचारलं. "तुमचा अंदाज?"

"चौथ्याचं मला विचारू नका," नाकायिझा म्हणाली. "या तिघांना लावाल तेच माप त्यालाही लावा. एक बोट कमी नाही, एक बोट जास्त नाही."

मग सगळं पुन्हा घेतलं गेलं, पहिल्या ताटापासून. जोहान्सबर्गचा माणूस लाल खुर्चीत बसला. नाकायिझाला मागच्या दाराने गाडीत बसवलं. चेहऱ्यावरचा रंग तिने मसाकाला पोचल्यावर धुतला. खानावळीत कुणीतरी विचारलं, मयत कसं झालं. ती म्हणाली, नीट झालं.

प्रक्षेपण

दोन महिन्यांनी कारकुनांनी खानावळीतला टीव्ही लावला. नाकायिझा ताटं वाढता वाढता उभी राहून बघत होती. ती त्यात कुठेच नव्हती. तिचं कोपरसुद्धा नव्हतं.

लोरेन्झोने चौथ्या ताटातलं पान उचललं, उजेडाकडे धरलं, मधल्या शिरेवरून बोट फिरवलं आणि थांबला. मग पळी उलटी केली. रस्सा ओघळला.

"पान विस्तवावरून पुरेसं फिरवलेलं नाही," तो म्हणाला. "चिरलंय. आत पाणी गेलंय." सहा गुण. बाकीच्या तिघांना आठ, साडेसात आणि सात. रॉनी घरी.

"बघा," कोर्टाचा शिरस्तेदार मुवोंगे बोटं चाटत म्हणाला, "गोऱ्याला कळतं की सगळं. आपलेच लोक उगाच बोंबलत होते."

कुणीतरी हो म्हटलं. नाकायिझाने त्याच्यापुढे पाणी ठेवलं.

प्रोस्कोव्हियाचा फोन दुसऱ्या दिवशी आला. त्या दिवशी खुर्चीत कोण होतं आणि मागच्या अंगणात काय झालं, हे तिला आता नवऱ्याकडून कळलं होतं. ती आधी रडली, मग भांडली. गुण द्यायचे नव्हते तर नसते दिले, पण त्या माणसाला शिकवून कशाला गेलीस, तू शिकवलं नसतंस तर त्याला चीर दिसलीच नसती. नाकायिझाने सगळं ऐकून घेतलं.

बऱ्याच वेळाने मुलगी शांत झाली. पलीकडे कुजबुज झाली.

"ते इथेच आहेत," मुलगी म्हणाली. "ते म्हणतायत, पान खरंच चिरलं होतं. घाई झाली. दोनदाच फिरवलं."

"त्यांना सांग, चारदा," नाकायिझा म्हणाली. "आणि पावसाळ्यातलं पान असेल तर पाचदा."

पुन्हा कुजबुज. "बरं म्हणतायत."

पुढचं वर्ष

बिरुंगीचा निरोप आला, की खुर्ची राहिली. शेजारी इथलं माणूस नसेल तर गुण देणार नाही, असं लोरेन्झोने वरच्यांना सांगितलं होतं. आता प्रत्येक भागात एक. कलम दहामध्ये भर पडली होती, की परीक्षकांची नावं स्पर्धकांनाही आधी दाखवावीत, काही नाती फोटोवरून ओळखू येत नाहीत. शेवटी तिने लिहिलं होतं, की तुमचं नाव मी यादीत घातलं होतं, पण एकदा उठून गेलेल्याला पुन्हा नको असं वरून आलं. मला माफ करा, न्याबो.

नाकायिझाने उत्तर पाठवलं: *माफी कसली. जेवायला या.*

पहिल्या भागाच्या दिवशी खानावळ भरलेली होती. लाल खुर्चीत पार उत्तरेकडच्या गुलूची एक म्हातारी बसली होती. तिच्यापुढे तिच्या मुलखातली आंबट पाल्याची भाजी आली. तिने काटा बाजूला सारला, हाताने घास घेतला, बराच वेळ चावला आणि स्पर्धक मुलीला विचारलं, पाला कुठल्या वेळेला खुडला होतास. मुलगी गांगरली. लोरेन्झो कागदामागे काहीतरी लिहीत होता.

"ही कोण बाई?" एकाने विचारलं.

"गुलूची आहे. खाली नाव लिहिलंय, दिसत नाही का?"

"गुलूला जाऊन आले," शिरस्तेदार मुवोंगे म्हणाला, "आणि मसाकातून यांना एक माणूस मिळालं नाही."

त्याचं ताट रिकामं झालं होतं. नाकायिझाने वाफवलेल्या केळ्यांच्या टोपल्यावरचं पान उचललं, वाफ बाजूला जाऊ दिली आणि विचारलं,

"मटोके वाढू अजून?"