भिंतीवरचं टिंब

औषधाच्या खोक्याचं प्रूफ तिने टेबलावर उलटं फिरवलं आणि अक्षरांखाली लोंबणारी टिंबं पेन्सिलीने एकेक टिपायला सुरुवात केली. या ऑफिसात सगळे असंच तपासायचे. सरळ धरलं की डोळा आपल्याला हवं तेच वाचतो, उलटं धरलं की कागदावर असेल तेवढंच दिसतं, असं मालकीणबाई प्रत्येक नव्या माणसाला सांगत. तिला ते तोंडपाठ होतं. परक्यांची खोकी ती उलटी धरून तपासायची आणि स्वतःचं पोस्टर मात्र सरळ धरून, खूश होऊन बघत बसली होती.

शेजारी पालथा ठेवलेला फोन थरथरला. दादा होता.

"कळवलंस का त्यांना?"

"संध्याकाळपर्यंत मुदत आहे."

"मग वाट कसली बघतेस, बारके? लोक त्या कॉलेजच्या फाटकासमोर फोटो काढून घेतात. तुला आत बोलावलंय."

"जेवायच्या सुट्टीत बघते."

ग्राफिक डिझाइनच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी तिने चार ठिकाणी अर्ज केले होते. दोघांनी नाही म्हटलं, दोघांनी हो. हो म्हणणाऱ्यांपैकी एक दादाचं फाटकवालं, मोठं कॉलेज. दुसरं जुन्या गोदामात भरणारं, ज्याचं नाव सांगितल्यावर लोक "हो का" म्हणून विषय बदलत. चारही ठिकाणी तिने एकच काम पाठवलं होतं. शेजाऱ्या-शेजाऱ्यांमधल्या भिंतींची पोस्टरं होती ती. खिळ्यांची भोकं, ओलीचे डाग, मुलांची उंची मोजलेल्या रेघा. वर ब्रशने लिहिलेला एकच शब्द, 'भिंती'.

निदान कागदावर तरी तो 'भिंती' होता. स्कॅन केल्यावर त्यावर धुळीचे कण दिसले, म्हणून तिने ते साफ करायची आज्ञा दिली. कॉम्प्युटरने सगळे बारीक काळे ठिपके इमानदारीने पुसले, आणि त्यात भिंतीवरचं टिंबही धूळ म्हणून गेलं. उरलं 'भिती'. धड भिंत नाही आणि शुद्धलेखनाप्रमाणे धड भीतीही नाही. अर्ज गेल्यानंतर एकदा चहा पिताना तिला ते दिसलं आणि चहा तसाच राहिला.

मुलाखतीत मोठ्या कॉलेजच्या विभागप्रमुख बाई पडद्याकडे झुकून म्हणाल्या होत्या, "टिंब काढून तुम्ही भिंतीची भीती केलीत. आणि पहिली वेलांटी ऱ्हस्वच ठेवलीत. पूर्ण वाढ न झालेली भीती. फार दिवसांत इतकं धाडसी काही पाहिलं नाही."

तिने मान हलवली होती. तेवढंच. तोंडाने ती एक शब्दही खोटं बोलली नव्हती, आणि ही पळवाट आपण स्वतःला किती वेळा दाखवतो याची तिची तिलाच शरम वाटत होती.

आता बाईंचं पत्र आलं होतं. दोन वर्षांचा प्रबंध या काढलेल्या टिंबावरच करावा, पहिल्याच आठवड्यात सगळ्या विभागासमोर त्यावर बोलावं, असं त्यांनी सुचवलं होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. भरलेल्या सभागृहात मागच्या रांगेतून कुणीतरी हात वर करतंय आणि शांतपणे विचारतंय, "हे चुकून गेलं ना?", असं तिला भांडी घासताना, रस्ता ओलांडताना, प्रुफं तपासतानाही दिसायला लागलं. तिला मनापासून भीती वाटत होती. दीर्घ वेलांटीची.

जेवायच्या सुट्टीत डबा न उघडता ती जिन्यात गेली. दादाला सांगितलं असतं तर त्याने अडवलं असतं. रेलिंगला पाठ टेकवून तिने बाईंना फोन लावला. रिंग वाजायला लागली तशी ती पायरीवर बसली.

"मॅडम, ते टिंब मी काढलं नव्हतं."

"म्हणजे?"

"स्कॅन साफ करताना धूळ म्हणून पुसलं गेलं. शब्द 'भिंती'च होता. मुलाखतीत बोलायला हवं होतं, बोलले नाही."

पलीकडे खुर्चीची चाकं फरशीवर सरकली. मग दार लागल्याचा आवाज आला. तिने डोळे मिटून घेतले. जागा गेली, असं ती स्वतःशी म्हणाली, आणि तिला चक्क हलकं वाटलं.

"हे आणखी कुणाला सांगितलंत?" बाईंचा आवाज एकदम खाली आला होता.

"नाही."

"मग सांगू नका. तुमचं पोस्टर आमच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर छापून झालंय. निवड समितीत एक जण म्हणत होता, टिंब चुकून राहून गेलं असेल. त्याला मी सगळ्यांसमोर गप्प केलंय." बाई थांबल्या. "तुम्ही या. गुणी आहात. ते मुद्दाम होतं असं धरून चाला. थोड्या दिवसांनी तुम्हालाही तसंच वाटायला लागेल."

फोन ठेवल्यावरही ती पायरीवरून उठली नाही. जागा गेली नव्हती. बाई रागावल्याही नव्हत्या. त्या घाबरल्या होत्या. एवढ्या मोठ्या खुर्चीतलं माणूस आपल्या एका ठिपक्याला घाबरतं हे तिला नवीन होतं, आणि ते शेवटचं वाक्य तर तिच्या मानेवरून थंड हात फिरावा तसं फिरत राहिलं. आपल्यालाही तसंच वाटायला लागेल, यावर तिचा पूर्ण विश्वास बसला होता.

संध्याकाळी घरी आली तर दारातच नवीकोरी सुटकेस. एवढी मोठी, की आत यायला अंग चोरावं लागलं. दादा खुर्चीवर पाय पसरून बसला होता. आई खिडकीशी त्याच्या जाकिटाची चेन बसवत होती.

"हिच्यात तू पण मावशील," दादा म्हणाला. "कळवलंस?"

तिने सगळं सांगितलं. टिंब, मान हलवणं, फोन. दादा ऐकता ऐकता पाय आखडून सरळ बसला.

"त्या स्वतः सांगतायत ना, गप्प राहा म्हणून? झाकली मूठ सव्वा लाखाची. टिंबच गेलंय, ध चा मा तर नाही झाला?"

"दोन वर्षं मूठ झाकून बसू?"

"लोक जन्मभर बसतात."

"मला भीती वाटते, दादा."

तो काहीतरी चेष्टा करणार होता. तिच्या तोंडाकडे बघून त्याने ती गिळली.

आईने दोरा दाताने तोडला. "त्या गोदामवाल्यांनी काय लिहिलं होतं गं? परत वाच."

तिने फोन काढून वाचलं. "'शीर्षकातलं टिंब दिसत नाही. मुद्दाम काढलं असेल तर पटलं नाही, चुकून गेलं असेल तर मनाला लावून घेऊ नका, इथे आमचंही रोज काही ना काही जातं. मात्र खिळ्यांची भोकं आवडली. येणार असाल तर टिंबाचं काय झालं तेही कळवा.'"

"खिळ्यांची भोकं," आई हसली. "ती तर आपल्याच भिंतीची. यांनी निदान भिंत तरी बघितली म्हणायची."

"तिथून बाहेर पडल्यावर नोकरी कोण देणार?" दादा म्हणाला. आता त्याच्या आवाजात जोर नव्हता, काळजी होती.

"माहीत नाही," ती म्हणाली. खरंच माहीत नव्हतं. हीही भीतीच होती, पण ती आईच्या हातातल्या जाकिटासारखी सगळ्यांच्या देखत मांडीवर घेऊन बसता येत होती.

मोठ्या कॉलेजला तिने दोन ओळींत नकार कळवला. दादाने मान वळवून सुटकेसची पट्टी चाचपली. मग तिने गोदामवाल्यांना लिहिलं, 'मी येते. टिंब माझ्याच हातून चुकून गेलं.'

पाठवायच्या आधी तिने सवयीने फोन उलटा फिरवला. फोनने शहाणपणा करून अक्षरं पुन्हा सरळ केली.

"त्यालाही वाटतं तू सरळ वाचावंस," दादा म्हणाला.

तिने फोन टेबलावर ठेवला आणि पलीकडच्या बाजूने बघायला निघाली. वाटेत सुटकेस होती. दादाने उठून ती भिंतीशी सरकवली. पलीकडून ती वाकली. 'टिंब' या शब्दाखाली एक काळा ठिपका लोंबत होता. तिने त्यावरून अंगठा फिरवला. पुन्हा एकदा फिरवला.

"धूळ आहे का?" दादाने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "माझंच आहे."

आणि तिने ते पाठवून दिलं.