मामाचा फळा आणि मास्तरचं टक्कल

मी एक जुना फळा आहे आणि माणसांविषयी माझं मत फारसं बरं नाही. तुम्हाला मित्रांनो म्हणतो ते रीत म्हणून. मनावर घेऊ नका.

मूळचा मी एका कपाटाची पाठ. भिंतीकडे तोंड करून सुखात होतो. कपाट मोडलं तेव्हा सलूनवाल्या मामाने मला करवतीने कापलं, काळा रंग फासला, वरच्या कडेला पांढऱ्या रंगात ‘तुम्हाला हे माहीत आहे का?’ असं कायमचं लिहिलं आणि दुकानाच्या दारात खिळ्याला लटकवलं. त्याखाली तो रोज खडूने काहीतरी नवं लिही. गिऱ्हाइकं नंबर येईपर्यंत ते वाचत, डोकं खाजवत आणि तेच डोकं मग मामाच्या हवाली करत.

समोर शिंप्याचं दुकान होतं. शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. गल्लीत दुसरा शिंपी नव्हता, म्हणून मामा कपडे त्याच्याकडेच टाकी. मास्तरने एकदा मामाच्या पँटचा एक पाय बोटभर आखूड शिवला. मास्तरचं म्हणणं, पाय बरोबर आहे, मामाच वाकडा उभा राहतो. तेव्हापासून दोघांमधून विस्तव जात नसे.

मामाने लिहिलं, ‘पिरॅमिड उभे राहिले तेव्हा जगाच्या एका कोपऱ्यात मॅमथ अजून जिवंत होते.’

मास्तर रस्ता ओलांडून आला. “तू गेला होतास मोजायला?”

मामाने लिहिलं, ‘चावी हा शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि कुलूप अरबीतून.’

“मग उघडतं कसं?” मास्तर म्हणाला.

बोलता बोलता तो अंगठ्याला थुंकी लावून माझ्यावरचं एखादं अक्षर पुसून टाकी. मित्रांनो, फळ्याला गुदगुल्या होत नाहीत. राग येतो.

मग मामाने लिहिलं की, जुन्या सिनेमांत घोड्यांच्या टापा पुष्कळदा नारळाच्या करवंट्यांनी वाजवत. “घोडा कुठला आणि करवंटी कुठली, एवढं मला कळतं,” मास्तर म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो कापडाचा तागा खांद्यावर घेऊन दारावरून जात असताना मामाने पडद्याआड करवंट्या वाजवल्या. मास्तर लगबगीने बाजूला झाला, घोड्याला वाट द्यायला. सगळं दुकान हसलं.

त्या हशात मामाला चेव आला. “या फळ्यावरची एक गोष्ट जरी खोटी निघाली, तर मी स्वतः तो फोडून चुलीत घालीन.” यात माझं मत कोणी विचारलं नाही.

पुढे गिऱ्हाईक रोडावलं. एका सकाळी मामाने लिहिलं, ‘वरचेवर वस्तरा फिरवला की केस दाट उगवतात.’ हे कुठल्या पुस्तकातलं नव्हतं. मामाच्या रिकाम्या खुर्चीतलं होतं.

मास्तर आला. त्याच्या डोक्यावर मधोमध टक्कल होतं आणि ते झाकायला त्याने कानावरचे केस लांबून ओढून आणले होते. त्याने वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं. अंगठा उचलला आणि तसाच खिशात घातला.

आठवडाभराने तो शत्रूच्या खुर्चीत बसला. “भादर सगळं. उकडतंय फार.”

मग तो दर आठवड्याला येऊ लागला. “मान हलवू नकोस, मास्तर. हातात वस्तरा आहे.” “हातापेक्षा वस्तऱ्यावर माझा विश्वास जास्त आहे.” असा दोघांचा प्रेमळ संवाद चाले. मामा ते वाक्य पुसायचं नाव घेईना. फिकट झालं की पुन्हा गिरवी.

उन्हाळा गेला, थंडी आली, केस काही आले नाहीत. झाकायचे होते तेही गेले. एका सुट्टीच्या सकाळी दुकान भरलेलं असताना मास्तर आला आणि माझ्याकडे बोट करून म्हणाला, “खोटं आहे हे.”

मामाचा वस्तरा थांबला. मास्तर कशासाठी डोकं भादरून घेत होता, ते त्याला माहीत होतं. “तुला कसं कळलं, मास्तर? सांग की सगळ्यांना.”

सगळ्यांच्या नजरा मास्तरच्या डोक्यावर गेल्या. ‘केस यावेत म्हणून मी इतके महिने याच्याकडे डोकं भादरून घेतलं,’ एवढंच त्याने म्हणायचं होतं, की मी चुलीत. मास्तरने समोरच्या आरशात पाहिलं. आरशात अख्खं दुकान त्याच्याकडे पाहत होतं. त्याने मला खिळ्यावरून काढलं, काखेत मारलं आणि रस्ता ओलांडला.

“मामा, फळा नेला की त्याने,” खुर्चीतला माणूस म्हणाला.

“नेऊ दे. जुना झाला होता.”

आता मी मास्तरच्या टेबलावर पालथा पडलेला असतो. माझ्या पाठीवर तो ओलं फडकं अंथरून इस्त्री फिरवतो. ते वाक्य माझ्या पोटाखाली दडपलेलं आहे. मामा मला परत मागत नाही, कारण मग मास्तर बोलेल. मास्तर बोलत नाही, कारण मग गल्ली हसेल.

तर मित्रांनो, फळा थुंकीने पुसू नका. आणि एखादी माहिती वाचून फारच गोड वाटलं, तर लिहिणाऱ्याच्या दुसऱ्या हातात काय आहे ते आधी बघा. मला तुमच्याकडून फार आशा नाही, पण सांगून ठेवतो.

काल मामाची नवी पँट माझ्यावर इस्त्रीला आली होती. तिचा एक पाय चांगला दोन बोटं आखूड आहे. आज मामा ती घालून दुकान झाडत होता. मास्तर दारात उभा राहून पाहत होता. मामा मुकाट्याने झाडत राहिला.