परतीचा रूळ

सुग्रीवला पळायला आवडायचं, एवढंच. त्याला कुठं निरोप पोचवायचा नसायचा, की कुणाला गाठायचं नसायचं, आणि नेमकं हेच चुडाव्यातल्या माणसांच्या पचनी पडत नव्हतं. चौतीस वर्षांचा बाप्या, आठ वर्षांची लेक, पाळण्यातलं पोरगं, रेल्वेची नोकरी, अडीच एकर रान. असा माणूस धोतराचा काचा मारून बिनकामाचा पळतो म्हणजे काय? पारावरची मंडळी विचारायची, "का रं सुग्रीवा, कोन लागलंय मागं?" पहिल्या पहिल्यांदा तो उत्तर द्यायचा. मग त्यानं तो नाद सोडला, पळण्याचा मात्र सोडला नाही.

संक्रांतीनंतरच्या रविवारी पूर्णेला रेल्वेच्या माणसांचे खेळ व्हायचे. त्यात एक लांबची शर्यत असायची. पूर्णेहून निघायचं, रुळाच्या कडेच्या पायवाटेनं येऊन चुडाव्याच्या सिग्नलाला हात लावायचा आणि परत पूर्णेला जायचं. अकरा-बारा मैल सहज भरायचे. मागच्या साली व्यंकटराव नावाचा इंजिनावरचा फायरमन पहिला आला आणि सुग्रीव दुसरा, जेमतेम वीस पावलांनी. तेव्हापासून सुग्रीवच्या डोक्यात ती वीस पावलं बसली होती. यंदा ती काढायचीच, असं त्यानं ठरवलं होतं. दुसरी कसली हाव त्याला नव्हती.

त्याच्या बायकोनं, दैवशालानं, दसऱ्यालाच त्याला समोर बसवून सांगितलं होतं. "पळा. मी न्हाई म्हननार न्हाई. पन तुमच्या पळन्यापायी माझं एक बी काम मागं राह्यलं, तर त्या दिसापासून पळनं बंद. कबूल?"

"कबूल," सुग्रीव म्हणाला. शब्दाला तो पक्का होता. त्यानं उजाडायच्या आत दोन घागरी पाणी भरायला सुरुवात केली. गाईचं शेण काढायचा, वैरण टाकायचा, रविवारी लेकीला, मनकर्णाला, पुढ्यात घेऊन तिच्या केसांतल्या उवासुद्धा काढायचा. बायकोचं एकही काम अडू देत नाही, याचा त्याला भारी अभिमान होता आणि तो चारचौघांत सांगायचाही.

अडचण एकच होती. पळायचं कधी?

सुग्रीव चाबीवाला होता. रूळ खालच्या लोखंडी शिलेपाटांवर, आडव्या पट्ट्यांवर, घट्ट बसावा म्हणून जागोजागी चाब्या ठोकलेल्या असतात. गाड्यांच्या हादऱ्यानं त्या ढिल्या पडतात. चाबीवाल्यानं रोज सकाळी हातोडा, पाना आणि झेंड्या घेऊन निघायचं आणि ढिली सापडेल ती ठोकून बसवायची. सुग्रीवचा पट्टा चुडाव्यापासून पूर्णेच्या बाजूला तीन मैल. जाताना एका रुळाच्या चाब्या, परतताना दुसऱ्या रुळाच्या, असा कायदा. त्यात अकरा वाजायचे. मग रविवार सोडला तर दुपारभर टोळीबरोबर रुळाखाली खडी मारायची, संध्याकाळी रानात एक चक्कर, की दिवस संपला.

मार्गशीर्षात त्याला युक्ती सुचली. माणसाला डोळे दोन आहेत आणि रूळही दोन आहेत, मग जातानाच दोन्ही बघून घेतले तर? म्हणजे परतीचे तीन मैल मोकळे! त्यानं तसं केलं. जाताना जवळच्या रुळाच्या चाब्या ठोकायच्या, पलीकडच्या रुळावर नजर टाकायची, आणि तिसऱ्या मैलाचा दगड आला की हातोडा खांद्यावर टाकून पळत सुटायचं. लवकर पोचला तर सिग्नलाच्या अलीकडं बाभळीखाली बसून घाम वाळवायचा आणि बरोबर अकराला मुकादमापुढं हजर व्हायचं. मुकादम किशनराव म्हणायचे, "सुग्रीवा, घड्याळ तुझ्यावरून लावावं."

आता हे चूक होतं, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. ढिली चाबी नुसत्या नजरेला दिसत नाही. हातोडा मारल्यावर आवाज बद्द येतो, तेव्हा कळतं. त्याच्या सासऱ्यानं, लिंबाजीनं, हा पट्टा वीस वर्षं सांभाळला होता आणि जावयाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. पण लिंबाजी वारून चार वर्षं झाली होती, आणि महिनाभर काही बिघडलं नव्हतं. उलट ट्रॉलीवरून तपासणीला आलेले साहेब दोन्ही रुळांवर हातोडा मारून बघून गेले आणि म्हणाले, पट्टा कडक आहे. सुग्रीवची छाती फुगली. आपली नजरच तयार आहे, असं तो धरून चालला.

घरात एकच गोष्ट त्याला खटकत होती. यंदा दैवशाला कापसात मागं पडली होती. त्यांचं रान रुळाला लागूनच होतं, चुडाव्यापासून दीड मैलावर, पट्ट्याच्या बरोबर मध्यावर. शेजारच्या सटवाजीची दुसरी वेचणी उरकली तरी हिची पहिलीच चालू. बोंडं फुटून कापूस खाली लोंबायला लागला होता. एका रात्री जेवताना तो बोललाच.

"मी तुझं पानी भरतो, शेन काढतो. माझ्या पळन्यानं तुझं काईच अडलं न्हाई. अन् तूच कामून मागं राह्यलीस?"

"वेचते की," दैवशाला म्हणाली आणि तिनं त्याला अजून एक भाकर वाढली.

शर्यत सहा दिवसांवर आली होती तेव्हाची गोष्ट. सुग्रीव पळत सिग्नलापाशी पोचला आणि कमरेला हात लावतो तर पाना नाही. सरकारी पाना. तो हरवला तर मुकादम घड्याळ वगैरे सगळं विसरले असते. सुग्रीव तसाच मागं वळला आणि खडीत बघत बघत चालू लागला. मैलभर गेल्यावर त्याला समोरून आवाज ऐकू आला. ठण. थोड्या वेळानं पुन्हा ठण. मग एकदा बद्द, आणि त्याच्यामागोमाग तीन-चार दणके.

रुळावर एक बाई वाकली होती. पदर खोचलेला, कमरेला कापसाची ओटी, ती अर्धीसुद्धा भरलेली नव्हती. हातात लिंबाजीचा जुना हातोडा होता, जो घरी गाईचा खुंटा ठोकायला वापरत. दैवशाला त्या परतीच्या रुळाची एकेक चाबी वाजवत येत होती. चार पावलं चालायची, वाजवायची, पुन्हा चार पावलं. बापाच्या मागं लहानपणी हिंडलेली पोर ती; तिला शिकवावं लागलं नव्हतं.

सुग्रीव जागीच उभा राहिला. तिनं वर बघितलं आणि ओटीत हात घालून त्याचा पाना काढून दिला.

"दुसऱ्या मैलाला पडला व्हता," ती म्हणाली.

"कवापासून हे?"

"तुमी पळत यायलात तवापासून. पैल्याच दिशी रानातून बघितलं, हातोडा खांद्यावर अन् नजर समोर. म्हनलं, ह्या रुळाचं कोन बघनार?" तिनं पुढच्या चाबीवर हातोडा मारला. ती घट्ट होती. "सगळा पट्टा न्हाई जमत. एक दिस वरला निम्मा, एक दिस खालचा. मनकर्णा बाळ्याला झोका देती तवर."

"ढिल्या निघाल्या का?"

"चौदा. वळनावर वळीनं तीन व्हत्या. एक तर भाईर पडून खडीत गेली व्हती." तिनं हे चूल सारवल्याचं सांगावं तसं सांगितलं. त्याला मात्र दुपारची पॅसेंजर आठवली. बाजाराच्या दिवशी दारात उभ्यानं माणसं असतात तिला. तो खडीवर बसला.

त्याला लाज वाटली. नुसत्या चाब्यांची नाही. कापसावरून तो तिला बोलला होता आणि ती भाकर वाढून गप्प बसली होती, त्याची जास्त. पारावर तो ज्या माणसाची फुशारकी मारत होता, नोकरी आणि घर सांभाळून पळणाऱ्या माणसाची, तो मुळात नव्हताच. होतं ते त्याच्यामागं रूळ वाजवत येणाऱ्या बायकोचं चालणं.

"बोलली का न्हाईस मला?"

 बाळ जागं व्हायची वेळ झाली होती, दैवशाला रानाकडं गेली.

उरलेला रूळ त्यानं स्वतः वाजवला. जेवणं झाल्यावर तो तिला म्हणाला, "तुझं काम मागं राह्यलं. माझ्यापायीच राह्यलं. कबूल केल्यापरमानं पळनं बंद." तिनं त्याच्याकडं बघितलं, पण नको म्हणाली नाही. कापूस खरोखरच मागं होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं किशनरावांना सांगितलं की रविवारची रजा नको. मुकादमानं त्याच्यासाठी बदली माणूस ठरवून ठेवला होता, ते चकित झाले. "आरं, सालभर घोकत व्हतास की!" सुग्रीव म्हणाला, "कापूस राह्यलाय." खरं कारण सांगायचं धाडस त्याला झालं नाही. नोकरी गेली असती. त्याबद्दल त्याला शाबासकी द्यायचं कारण नाही, पण त्या दिवसापासून तो दोन्ही रूळ चालला, चाबीन् चाबी वाजवत. दुपारी खडी मारून आला की अंधार पडेपर्यंत कापूस वेचायचा. बोटं फुटली, कंबर धरली. वेचताना कमरेत इतका वेळ वाकावं लागतं हे त्याला आजवर ठाऊक नव्हतं.

रविवारी त्यानं पट्टा उरकला, मुकादमाला तोंड दाखवलं आणि रानात जाऊन ओटी बांधली. दोघं शेजारशेजारच्या ओळीत वेचत होती. मनकर्णा बांधावर बाळाला घेऊन बसली होती. तिनंच आधी बघितलं आणि बापाला हाक मारली. "दादा, आले!"

पूर्णेच्या बाजूनं पायवाटेवर धूळ उठली होती. सगळ्यांच्या पुढं व्यंकटराव, त्याच्यामागं शंभरेक पावलांवर तिघं, मग बाकीचे पांगलेले. व्यंकटरावानं रानात ओटी बांधून उभा असलेला सुग्रीव ओळखला.

"का रं, आला न्हाईस?" तो पळता पळता ओरडला.

"कापूस!" सुग्रीव ओरडला.  ही माणसं त्याच्या रानावरून, त्याच्या रोजच्या वाटेवरून पळत चालली होती आणि तो बायकांची ओटी बांधून उभा होता. त्याला रडू येत होतं. त्यानं खाली मान घातली आणि एक बोंड धरलं, ते आधीच वेचलेलं होतं.

दैवशाला कमरेवर हात ठेवून जाणाऱ्यांकडं बघत होती. शर्यत ती पहिल्यांदाच बघत होती. दर साली सुग्रीव पूर्णेला जायचा तेव्हा ती घरीच असायची.

"ह्यो पैला आलता व्हय मागल्या साली?" तिनं विचारलं.

"हां."

"लय आदळतोय की. दम बी तोंडानं घेतोय. तुमी तसं न्हाई पळत. तुमी यायलात तवा पायाचा आवाजच न्हाई यायचा. धोतर तेवढं हलायचं."

सुग्रीवनं मान वर केली. गावानं त्याला इतकी वर्षं पळताना बघितलं होतं, पण तो कसा पळतो हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. "तुला काय ठावं?"

"रोज बघायचे की. लांबून दिसलात की वेचायचं थांबायचे. पार वळनाआड जाईस्तवर उभी राह्यचे. मग हातोडा घ्यायचे." ती पुन्हा ओळीत वाकली. तोंड बोंडात ठेवूनच पुढचं बोलली. "त्या दिशी इचारलंत ना, बोलली का न्हाईस म्हनून? बोलले असते तर पळनं थांबलं असतं. मला बघायला लय बरं वाटायचं."

 लग्नाला बारा वर्षं झाली होती. तो नुसता वेचत राहिला, दोन्ही हातांनी, आणि त्याला एकदम इतकं बरं वाटत होतं की ओळ कधी संपली ते कळलं नाही.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "परत ह्याच वाटंनं येत्यात का हे?"

"याच वाटंनं. सिग्नलाला हात लावून."

"मंग सोडा ती ओटी," दैवशाला म्हणाली. "आपल्या ह्या बांधापसून त्या बांधापोत पळा त्याच्यासंगं. कापूस कुटं जात न्हाई तेवढ्यात."

"बंद म्हनलंय मी."

"मी म्हनतेय ना."

व्यंकटराव परत आला तेव्हा सुग्रीव काचा मारून बांधावर उभा होता. तो पायवाटेवर उतरला आणि त्याच्या बरोबरीनं पळू लागला. व्यंकटरावानं एकदा तिरकं बघितलं, बोलायला दम नव्हताच. त्यांचं रान रुळाला लांबट लागलेलं, तिथून शेवटच्या बांधापर्यंत अडीचशे पावलं असतील. निम्म्यात सुग्रीव पुढं झाला. शेवटच्या बांधाला तो पोचला तेव्हा व्यंकटराव वीस काय, पुरी तीस पावलं मागं होता. तो हाशहुश करत तसाच पुढं पूर्णेकडं निघून गेला, आणि सुग्रीव वळून रानात आला.

मनकर्णा बाळाचे हात धरून टाळ्या वाजवत होती. दैवशालाचं तोंड उजळलं होतं. तिनं स्वतःच त्याच्या कमरेला ओटी बांधली.

"हरिवलंत की त्याला!" ती म्हणाली.

व्यंकटराव आधीचे साडेसात मैल पळून आला होता आणि आपण नुसती अडीचशे पावलं, हे सुग्रीवच्या अगदी ओठावर आलं. त्यानं एकदा तिच्या तोंडाकडं बघितलं.

"हां, हरिवलं," तो म्हणाला, आणि दोघं पुढच्या ओळीला लागली.