सरांचं वर्तुळ

इक्राच्या लॅपटॉपवर तिच्या पीएचडीचा नकाशा पसरला होता, आणि त्याच्या एका कोपऱ्यात सर एकटेच बसले होते.

म्हणजे सरांचा पेपर. नकाशाचं सॉफ्टवेअर तसं सोपं. विषयावर आजवर ज्यांनी लिहिलं, त्या प्रत्येकाच्या पेपरचं एक वर्तुळ. एकाने दुसऱ्याचा संदर्भ दिला की दोघांमध्ये रेघ. जितके जास्त संदर्भ, तितकं वर्तुळ टम्म फुगलेलं. बंदर आलं की आसपासच्या गावांतल्या बायकांच्या कामाचं काय होतं, हा तिचा विषय. जगभरची वर्तुळं एकमेकांना धरून मजेत नांदत होती. इंद्रजित सरांच्या वर्तुळाला मात्र एकही रेघ नव्हती. लग्नात ओळखीचं कुणी न भेटलेल्या पाहुण्यासारखं ते कडेला उभं होतं, तिळाएवढं.

सर तिचे गाइड, आणि महिनाअखेर रिटायर होणार होते. जासईकडच्या गावांवर तरुणपणी लिहिलेला तो पेपर म्हणजे त्यांचा जीव की प्राण. वर्गात त्याचा विषय निघाला की घड्याळाकडे बघायचं नसतं, हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं. रविवारी त्यांच्या जुईनगरच्या घरी जाऊन हा नकाशा दाखवायचा होता. ज्या माणसाने तिचं एकेक वाक्य बापाच्या मायेने दुरुस्त केलं, त्याला हा तीळ कसा दाखवायचा?

मग तिने प्रेमळ आणि घाबरट माणसं करतात तेच केलं. सॉफ्टवेअरमध्ये हाताने रेघ ओढायची सोय होती. तिने एक ओढली. बरं वाटलं म्हणून आणखी ओढल्या. बघता बघता सरांचं वर्तुळ चांगलं बाळसेदार झालं.

रविवारी सरांनी चष्मा पुसून नकाशा पाहिला. आधी हसले, मग कपाळावर आठी पडली.

“हा केरळचा माणूस मला क्वोट करतो? कधीपासून? आणि ही बाई? हिला मी स्वतः पेपर पाठवला होता, साधी पोचसुद्धा आली नाही.”

मोजकंच लिहिलेल्या माणसाला, आपल्याला कुणी विचारलं आणि कुणी नाही, हे तोंडपाठ असतं. इक्राच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. तिचे कान तापले.

“सॉरी सर. त्या रेघा मीच ओढल्या. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून...”

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं, असं तिला वाटलं. त्यांनी माउस हातात घेतला आणि एकेक रेघ पुसून टाकली.

“हे सोड,” ते म्हणाले. “तू तरी वाचलायस का तो पेपर?”

तिने मान खाली घातली. त्यांच्याच तोंडून इतक्यांदा ऐकला होता, की वाचायचं राहूनच गेलं होतं.

“मग वाच. उपयोगाचा वाटला तर ठेव, नाहीतर काढून टाक. माझ्यासाठी ठेवू नकोस.” आवाज नेहमीचाच होता, पण त्यांना लागलं होतं. ते पाणी आणायला म्हणून आत गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

जासईला घरी येऊन इक्रा स्वयंपाकघरातच वाचायला बसली. शेजारी तिची अम्मी, करिमुन्निसा, कंटेनर यार्डातल्या ड्रायव्हरांचे डबे भरत होती. पेपरात शेवटी लिहिलं होतं: कंटेनरचे यार्ड आले की इथल्या बायकांच्या हाताला काम उरणार नाही, त्या घरात बसतील. इक्राने ते मोठ्याने वाचून दाखवलं.

“कोनी लिवलं ह्ये?” अम्मीने डब्याचं झाकण दाबलं. “घरात बसायला मना टाइम कुठं हाय?”

इक्रा हसली आणि मग हसू थांबलं. सर चुकले होते. पेपर काढून टाकणं सोपं होतं, परवानगी तर त्यांनीच दिली होती. पण ते का चुकले, हा प्रश्न काही केल्या तिची पाठ सोडेना. पेपरात मागे जाऊन तिने सरांनी घेतलेल्या सगळ्या मुलाखती पुन्हा वाचल्या, आणि मग अम्मीपासून सुरुवात करून दोन दिवस लिहीतच राहिली.

पानं घेऊन ती परत जुईनगरला गेली.

“सर, पेपर ठेवलाय. पण तुम्ही चुकलात. तुम्ही फक्त पुरुषांशी बोललात. बायकांना कोणी विचारलंच नाही.”

सर पानं वाचत राहिले. चहा गार झाला. शेवटी त्यांनी चष्मा काढला, तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

“सर, मी काढून टाकते. खरंच टाकते.”

“खबरदार!” सर म्हणाले. “अगं, इतकी वर्षं झाली. त्याला कुणी बरोबर म्हटलं नाही, कुणी चूक म्हटलं नाही. मला वाटायचं, कुणी उघडूनसुद्धा पाहिला नाही. भांडायला आलेली तू पहिली.”

त्यांनी डोळे पुसले आणि खुर्ची पुढे ओढली.

“पण मी एवढ्यात मानणार नाही हं. तुझी अम्मी म्हणजे सगळं गाव नव्हे. आणखी कोण कोण आहेत? सांग बघू.”